चालवून घेणे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका क्लायंटसाठी आम्ही विमा हप्त्यांच्या फाईली वाचणारा प्रोग्रॅम लिहिला होता. रोज रात्री शाखांकडून फाईल यायची, आमचा प्रोग्रॅम ती वाचायचा आणि कुणी किती हप्ता भरला ते डेटाबेसमध्ये टाकायचा. यात ग्लॅमर काही नाही. माझ्या आईला आजही वाटतं की मी कॉम्प्युटरवर काहीतरी फार मोठं करतो, आणि मी तिचा गैरसमज दूर केलेला नाही.

फाईलचं स्वरूप कागदोपत्री अगदी स्वच्छ होतं. रक्कम पैशांमध्ये लिहायची, फक्त आकडे, दशांशचिन्ह नाही. म्हणजे १,२५० रुपये असतील तर १२५०००. एका शाखेचं सॉफ्टवेअर मात्र "१,२५०.००" असं पाठवत होतं, कॉमा आणि टिंबासकट. माझा प्रोग्रॅम नियमाला धरून त्या ओळी नाकारायचा. रोज सकाळी तक्रार यायची. शेवटी आमचा टीम लीड म्हणाला, "अरे, एका कॉमासाठी कशाला रोज भांडण? घे ना चालवून."

मी चालवून घेतलं. आकडा नसलेलं प्रत्येक चिन्ह काढून टाकणारी एक ओळ लिहिली. "१,२५०.००" मधून कॉमा आणि टिंब गेले की १२५००० उरतं, आणि तेच तर हवं होतं! तक्रारी बंद. लीड खूश, शाखा खूश, मी तर काय विचारूच नका.

चार महिन्यांनी त्या शाखेच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. त्यात कुणीतरी शहाण्याने पूर्ण रुपयांच्या रकमेमागचे ".००" काढून टाकले. आता फाईलमध्ये येऊ लागलं "१,२५०". माझ्या ओळीने इमानेइतबारे कॉमा काढला, १२५० उरले, आणि ते पैसे आहेत असं समजून सिस्टिमने नोंद केली साडेबारा रुपयांची. कुठेही एरर नाही, कुठेही लाल अक्षरं नाहीत. मुदत संपल्यावर सिस्टिमने हप्ता अपुरा भरलेल्यांच्या पॉलिसी बंद केल्या आणि तशी पत्रंही छापून पाठवली. आम्हाला हे कळलं ते एक निवृत्त शिक्षक हातात पावती घेऊन शाखेत जाऊन बसले तेव्हा. ते म्हणे कुणावर ओरडले नाहीत. फक्त पावती दाखवत राहिले. माझी ती एक ओळ नसती तर पहिल्याच रात्री सगळ्या ओळी नाकारल्या गेल्या असत्या आणि सकाळी नेहमीची तक्रार आली असती. बस्स.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात बसला आहे. ठरल्यापेक्षा वेगळं, चुकीचं, कुठेच न लिहिलेलं असं काही समोरून आलं तर प्रोग्रॅमने करायचं काय? वाचायला लागलो तेव्हा कळलं की आपल्या धंद्यातली थोर माणसं यावर साठएक वर्षं डोकेफोड करत आहेत. म्हटलं, या वीकेंडला तेच लिहावं.

सगळ्यात जास्त उद्धृत होणारा माणूस म्हणजे जॉन पोस्टेल. इंटरनेटचे नियम ज्या आरएफसी नावाच्या दस्तऐवजांत लिहिलेले असतात, त्यांचं संपादन या दाढीवाल्या माणसाने १९६९ पासून १९९८ मध्ये वारला तोपर्यंत केलं. १९८० च्या जानेवारीत आयपी आणि टीसीपी यांचे मसुदे त्याने काढले आणि त्यात एक तत्त्व घातलं. आपण पाठवताना काटेकोर असावं, दुसऱ्याचं स्वीकारताना उदार. बघा, अगदी सुविचाराच्या फळ्यावर शोभेल असं आहे.

त्या काळात ते शहाणपणाचंही होतं. अर्पानेटवर निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी मशीन्स. प्रत्येक विद्यापीठाने टीसीपी आपापल्या हाताने लिहिलेला. १ जानेवारी १९८३ ला सगळ्यांनी जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी/आयपीवर यायचं ठरलेलं. अशा वेळी मसुद्यातल्या एखाद्या वाक्याचा अर्थ कुणी थोडा वेगळा लावला म्हणून त्याचं पॅकेट फेकून दिलं असतं, तर नेटवर्क उभंच राहिलं नसतं. सगळे एकमेकांना ओळखत होते. चूक दिसली तर फोन करून सांगता यायचं. पोस्टेलच्या औदार्यामागे हा फोन गृहीत धरलेला होता, असं मला वाटतं. आमच्याकडे मात्र चालवून घेतल्यावर त्या शाखेला फोन कुणीच केला नाही.

पण या प्रश्नाचा पहिला मोठा फटका बसला तो त्याआधी, आणि सॉफ्टवेअरला नव्हे तर हार्डवेअरवाल्यांना. आयबीएमचं १४०१ हे १९५९ मध्ये जाहीर झालेलं मशीन तुफान चाललं होतं. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० आणली तेव्हा जुन्या गिऱ्हाईकांचे प्रोग्रॅम नव्या मशीनवर चालावेत म्हणून १४०१ ची हुबेहूब नक्कल करायचं ठरलं. नक्कल करताना लक्षात आलं की मॅन्युअलमधलं सगळं करूनही प्रोग्रॅम चालत नाहीत! कारण मॅन्युअलमध्ये 'अवैध' म्हणून सोडून दिलेल्या सूचना प्रत्यक्ष मशीनवर काही ना काही करत होत्या, आणि प्रोग्रॅमर मंडळींनी त्या शोधून काढून सर्रास वापरल्या होत्या. ३६० च्या प्रकल्पाचा प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स याने 'द मिथिकल मॅन-मंथ' या १९७५ च्या पुस्तकात हे नोंदवलं आहे. असे तब्बल ३० चमत्कार निघाले, आणि ते सगळे १४०१ च्या व्याख्येचाच भाग धरावे लागले. तुम्ही ज्यावर "अवैध" अशी पाटी लावली पण दार मात्र उघडंच ठेवलंत, ते लोकांनी वैध करून टाकलं.

३६० वाल्यांनी हा धडा घेतला. त्यांच्या मशीनवर माहीत नसलेली सूचना आली की मशीन थांबून ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतं, पुढे रेटत नाही. शाबास. पण त्याच मंडळींनी दुसरीकडे एक खिडकी उघडी टाकली. ३६० चे पत्ते, म्हणजे मेमरी ॲड्रेस, २४ बिटांचे होते आणि ते ठेवायचे ३२ बिटांच्या रजिस्टरमध्ये. वरच्या ८ बिटांचं काय? काही नाही, हार्डवेअर त्यांच्याकडे बघायचंच नाही. मेमरी तेव्हा सोन्याच्या भावाची. रिकामी जागा दिसली की प्रोग्रॅमर तिथे संसार थाटणारच. त्या ८ बिटांत लोक आपापले झेंडे, खुणा ठेवू लागले. १९८० च्या दशकात पत्ते मोठे करायची वेळ आली तेव्हा सरळ ३२ बिटांवर जाता आलं नाही. ३१ वर थांबावं लागलं, आणि जुन्या प्रोग्रॅमांसाठी २४ बिटांची जुनी पद्धतही सोबत वागवावी लागली.

बरं, हे बघून बाकीचे शिकले असतील? छे. १९७९ च्या मोटोरोला ६८००० मध्ये पुन्हा तेच: आत ३२ बिटांची रजिस्टर्स, बाहेर २४ बिटांचे पत्ते, वरच्या बिटांकडे दुर्लक्ष. ॲपलने १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये मेमरीचा ठोकळा हलवता येतो की नाही वगैरे खुणा त्याच वरच्या बाईटमध्ये ठेवल्या. काही वर्षांनी पूर्ण ३२ बिटांचे पत्ते वापरणारे प्रोसेसर आले आणि प्रोग्रॅम कोसळू लागले. यातली गंमत अशी की गुन्हेगारांत बाहेरचे डेव्हलपर होतेच, पण १९८७ च्या मॅक टू मधली ॲपलची स्वतःची रॉमसुद्धा होती! १९९१ च्या सिस्टिम ७ पर्यंत हे निस्तरणं चालू होतं.

या मालिकेतला शहाणा निघाला एएमडी. २००३ मध्ये त्यांनी ६४ बिटांचा ऑप्टेरॉन आणला. पत्त्याचे प्रत्यक्षात ४८ बिटच वापरात, वरचे १६ रिकामे. पण त्यांनी नियम केला की वरचे सगळे बिट ४७ क्रमांकाच्या बिटाची नक्कल असले पाहिजेत, आणि नसले तर प्रोसेसर तिथल्या तिथे फॉल्ट देणार. जागा रिकामी आहे, पण तिथे कुणी पथारी पसरू शकत नाही. पुढे पत्ते वाढवायचे झाले तर जागा अजून मोकळी. चाळीस वर्षांत कुणीतरी शिकलं म्हणायचं!

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. १९७५ मध्ये एमओएस टेक्नॉलॉजी नावाच्या कंपनीने ६५०२ हा प्रोसेसर २५ डॉलरला विकायला काढला. स्पर्धकांच्या किमती याच्या कितीतरी पट. ॲपल टू, बीबीसी मायक्रो यांत हाच प्रोसेसर, आणि अटारी २६०० व कमोडोर ६४ मध्ये याचीच भावंडं. स्वस्त करायचा म्हणून त्यात मोजकेच, काही हजार ट्रान्झिस्टर. सूचनेला एक बाईट, म्हणजे २५६ शक्यता. त्यांपैकी मॅन्युअलमध्ये होत्या १५१. उरलेल्या १०५ चं काय होईल? मॅन्युअल गप्प. ती ओळखून अडवायला लागणारे ट्रान्झिस्टर परवडणारे नव्हते.

पण चिपला गप्प बसता येत नाही ना! बाईट आला की आतल्या तारांमधून वीज कुठेतरी जाणारच. आता बघा, हेक्समध्ये ए५ म्हणजे 'मेमरीतून ए रजिस्टर भर', आणि ए६ म्हणजे 'एक्स रजिस्टर भर'. बायनरीत या दोघांचे शेवटचे दोन बिट अनुक्रमे ०१ आणि १०. मग ए७, ज्याचे शेवटचे दोन बिट ११ आहेत, ते काय करत असेल? ओळखलंत? दोन्ही रजिस्टर्स एकदम भरतं! एका सूचनेत दोन कामं, फुकटात. कुणी डिझाइन केलेलं नाही, कुणी टेस्ट केलेलं नाही, पण चालतं. त्याचीच बहीण ८७. ती ए आणि एक्स दोघांनाही एकदम बसवर सोडते, त्यांची झटापट होते आणि मेमरीत जातो त्यांचा 'अँड'.

हे कळल्यावर गेम लिहिणाऱ्यांनी काय केलं असेल ते सांगायला नकोच. १ मेगाहर्ट्झच्या मशीनवर वाचलेली प्रत्येक सायकल म्हणजे कमाई. अर्थात सगळ्याच १०५ सूचना अशा गुणी नव्हत्या. त्यांतल्या १२ तर अशा की दिल्या की प्रोसेसर जागच्या जागी गोठतो, रीसेट केल्याशिवाय हलत नाही. आणि एखाद-दोन अशा लहरी की उत्तर चिपनुसार आणि तिच्या तापमानानुसार बदलायचं. (आमच्या ऑफिसात अशी एक व्यक्ती आहे, पण ते असो.)

पुढे याच प्रोसेसरची सुधारलेली आवृत्ती ६५सी०२ आली. तिच्यात काही जुन्या रिकाम्या जागी नव्या सूचना बसवल्या आणि उरलेल्या सगळ्या 'काहीही करू नका' अशा करून टाकल्या. हे १९७५ मध्येच करायला हवं होतं, पण आता उशीर झाला होता. १९८४ च्या ॲपल टू सी मध्ये ही चिप होती, आणि छुप्या सूचनांवर विसंबलेले प्रोग्रॅम तिच्यावर अडखळले. दोष कुणाचा? मॅन्युअलमध्ये नसलेलं वापरणाऱ्याचा, असं आपण इंजिनिअर लोक लगेच म्हणतो. पण ज्याने पैसे देऊन गेम विकत घेतला त्याने मॅन्युअल वाचलेलं नव्हतं. त्याच्यापुरतं सत्य एवढंच की जुन्या मशीनवर चालत होतं आणि नव्यावर चालत नाही. आज जो कुणी कमोडोर ६४ चा इम्युलेटर लिहितो त्याला या 'बेकायदा' सूचनाही निमूटपणे लिहाव्या लागतात, त्यांच्या सगळ्या लहरींसकट.

१४०१ चे ३० चमत्कार आणि हे १०५, मला तर एकाच कुळातले वाटतात.

इंटेलच्या घरातली कथा याहून मजेदार आहे. १९७८ च्या ८०८६ ला पत्त्याच्या २० तारा होत्या, म्हणजे १ मेगाबाईट. पण सेगमेंट आणि ऑफसेट यांची बेरीज करून पत्ता काढायची त्याची पद्धत अशी होती की बेरीज १ मेगाबाईटच्या वर ६५,५२० बाईटपर्यंत जाऊ शकायची. तर काय व्हायचं? एकविसावी तारच नाही, त्यामुळे हातचा एक गळून पडायचा आणि पत्ता गुंडाळून पुन्हा शून्यापाशी यायचा. घड्याळात १२ नंतर १ वाजतो तसा. १९८१ च्या आयबीएम पीसीतही हाच प्रकार, कारण त्यातला ८०८८ हा याचाच सख्खा भाऊ. आणि काही सॉफ्टवेअर या गुंडाळण्यावर विसंबून राहिलं. खुद्द डॉसमध्ये जुन्या सीपी/एम पद्धतीने हाक मारायची जी सोय होती, ती याच युक्तीवर उभी होती.

मग आला ८०२८६. त्याला २४ तारा. त्याच्यावर हातचा एक गळत नाही, सरळ १ मेगाबाईटच्या वर जातो. म्हणजे खरं तर दुरुस्तीच झाली. पण जुने प्रोग्रॅम बंद पडणार. १९८४ मध्ये पीसी/एटी बनवताना आयबीएमने काय करावं? त्या एकविसाव्या तारेवर, जिला शून्यापासून मोजून ए२० म्हणतात, एक फाटक बसवलं. फाटक बंद असलं की मशीन जुन्यासारखं वागणार. आणि हे फाटक उघडायचं-मिटायचं कुणी? तर बोर्डवर कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपची एक पिन रिकामी होती. दिलं जोडून! म्हणजे १ मेगाबाईटच्या वरची मेमरी नीट वापरायची तर आधी कीबोर्डच्या चिपला विनंती करायची. ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला शिकणाऱ्या पोरांना पुढची कित्येक वर्षं पहिल्या आठवड्यात हे फाटक उघडावं लागायचं. मीही इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी खेळण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम लिहिताना ते उघडलं आहे, कारण न समजता. कुणीतरी लिहिलेल्या कोडमधून जसंच्या तसं उचललं होतं.. बिचाऱ्या सरांनी विचारलं नाही म्हणून वाचलो.

आणि उलट टोकाचं उदाहरण हवं असेल तर १९९७ मध्ये उघड झालेला पेंटियममधला दोष. एक सूचना अशी होती की ती त्या रूपात अवैधच, प्रोसेसरने ती ओळखून फॉल्ट द्यावा असं मॅन्युअलच सांगतं. पण तिच्यापुढे 'लॉक' हा उपसर्ग लावला की नकार देण्याच्या वाटेवरच प्रोसेसर अडकून बसायचा आणि आख्खं मशीन गोठायचं. कुठलाही साधा प्रोग्रॅम चार बाईट लिहून सर्व्हर झोपवू शकत होता. म्हणजे नाही म्हणायचं ठरवलं तरी ते नीट म्हणता आलं पाहिजे. चांगल्या इनपुटच्या टेस्ट सगळेच लिहितात. नकाराच्या वाटेची टेस्ट शेवटी, डेडलाईनच्या आदल्या दिवशी, कुणीतरी फ्रेशर लिहितो. माहीत आहे ना? :)

आता वेबकडे येऊ, कारण पोस्टेलच्या औदार्याची खरी परीक्षा तिथे झाली. १९९३ च्या मोझेकपासून ब्राउझर फार प्रेमळ. टॅग बंद केला नाही? हरकत नाही. ठळक आणि तिरप्या अक्षरांचे टॅग एकमेकांत अडकवून उलटे बंद केले? बघू काहीतरी करून. याचा फायदा मोठा झाला. ज्यांना प्रोग्रॅमिंगचा गंधही नव्हता अशा लोकांनी पानं लिहिली. कडक ब्राउझर असता तर वेब कदाचित प्रयोगशाळेतच राहिलं असतं. पण प्रत्येक ब्राउझरचं प्रेम वेगळं! तीच चूक नेटस्केप एका रीतीने सांभाळून घ्यायचा, इंटरनेट एक्सप्लोरर दुसऱ्या. पान लिहिणारा आपल्याकडच्या ब्राउझरमध्ये बघायचा, नीट दिसलं की संपलं. नवा ब्राउझर लिहायचा तर जुन्यांच्या चुकासुद्धा उकलून पाहून नकलाव्या लागायच्या. पुन्हा १४०१ च!

याला कंटाळून फेब्रुवारी १९९८ मध्ये आलेल्या एक्सएमएलमध्ये लोकांनी उलटं टोक गाठलं. एक जरी चूक आढळली तरी पार्सरने तिथेच थांबायचं, पुढे नेहमीसारखं काम चालू ठेवायचंच नाही. प्राचीन अथेन्सच्या त्या कडक ड्रेकोवरून या पद्धतीला ड्रेकोनियन नाव पडलं. २००० च्या जानेवारीत एक्सएचटीएमएल आलं, म्हणजे वेबच्या पानांनाही हाच कायदा. कागदावर सुंदर. व्यवहारात काय झालं? इंटरनेट एक्सप्लोररला तो प्रकारच कळत नव्हता. पान उघडण्याऐवजी तो डाउनलोड करू का विचारायचा. (ही समज त्याला २०११ च्या आवृत्ती ९ मध्ये आली.) मग लोकांनी पानावर 'मी एक्सएचटीएमएल आहे' असं लिहायचं, पण सर्व्हरवरून साधं एचटीएमएल म्हणूनच पाठवायचं, असा सोयीचा मार्ग काढला. ब्राउझर पुन्हा प्रेमळपणे वाचणार, चुका पुन्हा लपणार. ज्यांनी खरोखर कडक पद्धतीने पाठवलं, त्यांच्या पानात एखाद्या वाचकाने प्रतिक्रियेत एक वेडंवाकडं चिन्ह टाकलं की फायरफॉक्समध्ये सगळं पान जाऊन पिवळी एरर दिसायची. आणि ती शिक्षा कुणाला? चूक करणाऱ्याला नाही, वाचायला आलेल्याला. माझ्या मते ड्रेकोचा पराभव इथे झाला.

तिसरी वाट काढली ती २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरा यांच्या मंडळींनी एकत्र येऊन. त्यांनी चुका चांगल्या की वाईट हा वादच बाजूला ठेवला आणि लिहायला बसले की एचटीएमएल म्हणून कुठलीही, अक्षरशः कुठलीही बाईटांची रांग आली तरी तिचं नेमकं काय करायचं. इयन हिक्सन हा यातला मुख्य लेखक. जुने ब्राउझर काय करतात हे धुंडाळून, त्यातलं जुळवून घेता येईल ते घेऊन नियम बनवले. चुकीला चूकच म्हटलं आहे, पण चुकीचंही उत्तर सगळ्यांनी एकच द्यायचं. उलटे बंद झालेले टॅग सावरायच्या नियमांचं नाव काय माहीत आहे? दत्तकविधान संस्था! कारण त्यात मूल एका पालकाकडून काढून दुसऱ्याच्या ओटीत घालतात. आणि तक्त्यामध्ये जिथे मजकूर असायला नको तिथे तो आला, तर त्याला तक्त्याबाहेर सांभाळायला देतात, त्याला तात्पुरतं पालकत्व म्हणतात. २८ ऑक्टोबर २०१४ ला एचटीएमएल५ हे अधिकृत मानक झालं. तोपर्यंत ब्राउझर या पद्धतीने वाचू लागलेही होते.

हे वाचलं तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो होतो. म्हणजे प्रश्न 'स्वीकारावं की नाकारावं' एवढाच नव्हता. माझ्या त्या ओळीचा दोष तिने कॉमा स्वीकारला हा नव्हता. कॉमा आल्यावर रकमेचा अर्थ काय, टिंब असेल तर काय, नसेल तर काय, हे मी ठरवलंच नव्हतं. ६५०२ सारखंच. ट्रान्झिस्टर वाचवले आणि वीज वाट फुटेल तिकडे गेली.

नेटवर्कवाले पोस्टेलच्या तत्त्वापासून आता बरेच दूर आले आहेत. २०१८ मध्ये टीएलएस १.३ आणताना त्यांना आढळलं की आवृत्तीच्या रकान्यात नवा आकडा दिसला की जुने सर्व्हर आणि मधली उपकरणं कनेक्शनच तोडतात. त्यांनी न ओळखीच्या आकड्याला नीट उत्तर द्यावं असं ठरलेलं, पण तो आकडा कधी आलाच नव्हता. शेवटी तो रकाना जुन्याच आकड्यावर गोठवून खरी आवृत्ती दुसरीकडे लपवून पाठवावी लागली. त्यावर गूगलच्या डेव्हिड बेंजामिनने काढलेला उपाय २०२० च्या जानेवारीत आरएफसी ८७०१ म्हणून आला. ब्राउझरने मुद्दामच अधूनमधून निरर्थक, राखीव आकडे पाठवायचे, म्हणजे समोरच्याची न ओळखीच्याकडे दुर्लक्ष करायची सवय मोडणार नाही. बिजागरीला तेल घालावं तसं, आणि नावही ग्रीसच ठेवलं आहे. आणि २०२३ मध्ये आरएफसी ९४१३ ने तर स्पष्टच लिहिलं की चुका पोटात घालत राहिलं की त्याच चुका पुढे मानक होऊन बसतात. पोस्टेलला हे पटलं असतं का कोण जाणे.

जाता जाता आपल्या घरचं एक उदाहरण. मराठीत 'ॲसिडिटी' लिहायचं तर पहिलं अक्षर युनिकोडमध्ये २००८ पर्यंत नव्हतंच. हिंदीचा ऍ होता, पण आपल्याला तर अ वर चंद्र हवा. आपल्या आधीच्या ब्लॉगर मंडळींनी अ पुढे नुसता चंद्र टाकून बघितला. काही ठिकाणी चाललं, काही ठिकाणी मध्ये ते टिंबाटिंबांचं वर्तुळ आलं. ते वर्तुळ म्हणजे सॉफ्टवेअरचा नकार: हा चंद्र इथे बसत नाही. मग कुणीतरी दोघांमध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून ते वर्तुळ घालवलं आणि हा उपाय सगळीकडे पसरला. २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये ॲ हे स्वतंत्र अक्षर आलं. आता तीन रूपं नांदतात: ॲ, अॅ आणि अ‍ॅ. डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला तीन निरनिराळी, आणि युनिकोड त्यांना समान मानत नाही. जुन्या लेखात शोधायला गेलात आणि सापडलं नाही तर शुद्धलेखन तपासत बसू नका, आधी तिन्ही टाकून बघा. मी आता शोध घेणारं काहीही लिहिलं की या तिघांना आधी एक करून घेतो.

आणि त्या हप्त्यांच्या प्रोग्रॅमचं काय झालं? ती ओळ मी काढली. आता प्रोग्रॅम दोनच स्वरूपं मानतो: ठरलेलं पैशांचं, आणि शाखेने लेखी मागून घेतलेलं रुपयांचं, ज्यात टिंब आणि पुढचे दोन आकडे असलेच पाहिजेत. बाकी काहीही आलं तर ओळ क्रमांकासह नाकारतो, आणि सकाळी त्या शाखेला आपोआप मेल जातो. पहिला आठवडा रोज शिव्या खाल्ल्या. लीडने या वेळी चालवून घे म्हटलं नाही. मागच्या चार महिन्यांच्या सगळ्या फाईली पुन्हा चालवून ज्यांच्या पॉलिसी चुकून बंद झाल्या होत्या त्या सगळ्या क्लायंटने पूर्ववत केल्या आणि नवी पत्रं पाठवली. त्या शिक्षकांच्या पत्राची प्रत तपासायला माझ्याकडे आली होती. मिळालेली रक्कम: रु. १,२५०. कॉमासकट.